‘भोली सूरत’वर ज्येष्ठांचा डान्स: सोसायटी ग्रुपवर रंगलेली चर्चा

ए-४०२ ताई (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी 🙏 यंदा गणपतीत ज्येष्ठांचा डान्स बसवायचाय. गाणं भगवानदादांच्या ‘अलबेला’ सिनेमातलं, ‘भोली सूरत दिल के खोटे’. कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

सी-२०३ काका: वा! यावरून आठवलं, भगवानदादांबद्दलचं हे फॉरवर्ड वाचा 👇
‘जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात सात गाड्या, आणि शेवट चाळीतल्या खोलीत! म्हणून सांगतो, पैशाचा माज करू नका...’

बी-१०४ काकू: आलं का हे परत. दर गणपतीला येतं.

सेक्रेटरी: टँकर आलाय. मोटर अर्ध्या तासाने लावतोय.

डी-५०१ आप्पा: काका, राग मानू नका, पण माज कसला? भगवान आबाजी पालव, जन्म १९१३ चा, बाप गिरणी कामगार. मूकपटांच्या काळात छोट्या कामांपासून सुरुवात. १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात वाटा. नंतर मारधाडीचे स्वस्तातले सिनेमे. स्वस्तातले म्हणजे असे की कपडे कुणी काय घालायचे आणि युनिटला जेवायला काय, तेही दादाच बघणार. त्यातून १९४२ ला जागृती पिक्चर्स काढली, पुढे चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ टाकला. हे तुमच्या फॉरवर्डमध्ये कुठाय?

ए-३०२ (भाडेकरू): आप्पा, मग त्यांना हीरो म्हणायचं की डायरेक्टर?

डी-५०१ आप्पा: दोन्ही, शिवाय निर्माताही. त्या स्टंटपटांना पेपरवाले विचारत नव्हते, कामगार वस्तीतली पब्लिक मात्र तुफान जायची. राज कपूरनेच म्हणे सांगितलं, दादा, आता एक सामाजिक सिनेमा काढ. १९५१ ला ‘अलबेला’ आला. बुटका, गोलमटोल माणूस हीरो आणि समोर गीता बाली! चेहऱ्यावर बेतलेला सिनेमा असता तर पहिल्या आठवड्यात उतरला असता.

बी-१०४ काकू: गाण्यांवर चालला तो. ‘शोला जो भडके’, ‘शाम ढले खिडकी तले’, आणि आमच्या घरी अजून म्हणतात ती लोरी, ‘धीरे से आजा री अखियन में’.

डी-५०१ आप्पा: अगदी. आणि ते संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे अण्णांचं. अण्णांना हिंदीत संगीतकार म्हणून पहिली संधी दादांनीच दिली, ‘सुखी जीवन’मध्ये, १९४२ ला. ‘अलबेला’त चितळकर नावाने गायलेला आवाजही अण्णांचाच, लताबाईंबरोबर.

ए-४०२ ताई: आप्पा, स्टेप सांगा ना. मी व्हिडिओ बघून दमले. सोपी वाटते, पण येत नाही.

डी-५०१ आप्पा: कारण त्यात उडी नाही, गिरकी नाही. पाय जमिनीवर घासत सरकवायचे, फार उचलायचे नाहीत. गुडघे किंचित मोकळे. खरा नाच खांद्यांत आणि मनगटांत. तोंडावर ‘मी काही करतच नाहीये’ असा भाव. अमिताभने पुढे हीच चाल उचलली. आपल्या गुडघ्यांना यापेक्षा सोयीचं दुसरं काही मिळणार नाही.

सी-२०३ काका: पण ललिता पवारांना थोबाडीत मारून डोळा अधू केला, तेही हेच ना?

बी-१०४ काकू: हो, १९४२ मध्ये, ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगला. प्रसंगच थपडेचा होता, हात जोरात बसला. चेहऱ्यावरून वारं गेलं, उपचारांत तीनेक वर्षं गेली, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. बाईंची नायिकेची कामं तिथेच संपली. ते मात्र आप्पांनाही धुऊन काढता येणार नाही.

डी-५०१ आप्पा: नाही काढत. पण बाई परत उभ्या राहिल्या, हेही लिहा. ‘अनाडी’तली मिसेस डिसा आठवा.

सी-२०३ काका: बरं, पण शेवट वाईट झाला हे तर खरं?

डी-५०१ आप्पा: पैसे गेले, खरंय. ‘झमेला’ काढला, पुढे ‘लाबेला’. नावं जुळली, नशीब नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मग पडेल ती छोटी कामं केली. पण शेवटी राहिले ते दादरच्या चाळीत. काका, आपल्या सोसायटीतले निम्मे लोक चाळीतूनच आलेत, आपण काय शिक्षा भोगून आलो? नट ओम प्रकाश, गीतकार राजेंद्रकृष्ण, अण्णा त्या खोलीतही भेटायला जायचे. विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या दाराशी थांबायची आणि दादा दोन स्टेप करून दाखवायचे. ४ फेब्रुवारी २००२ ला गेले.

ए-३०२ (भाडेकरू): ‘एक अलबेला’ पाहिलाय, २०१६ चा. मंगेश देसाईंनी दादा भारी केलेत. विद्या बालन गीता बाली.

सी-२०३ काका: ठीक आहे आप्पा, फॉरवर्ड मागे घेतो 😄 पण डान्समध्ये मला पुढच्या रांगेत घ्या.

ए-४०२ ताई: घेतलं. सराव उद्या ७ वाजता गच्चीवर. रबरी तळव्याच्या चपला नकोत, पाय सरकत नाहीत. गीता बालीसाठी अजून एकही नाव आलेलं नाही.

बी-१०४ काकू: माझं लिही.