मदत हवी: ब्रेक मारल्यावर गाडी वळतच नाही

वैतागलेला_वारजेकर: पुण्यात कात्रज नवीन बोगद्यापासून नवले पुलाचा उतार. पुढचा ट्रक बाजूला झाला की समोर एकदम खड्डा, नाहीतर राँग साइडने दुचाकी. ब्रेक मारून स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, मग अचानक झोकांडी खाते. करायचं काय? रविवारी साताऱ्याहून परत यायचंय. 'हळू चालवा' नकोय.

घाटपांडू: गाडी कुठली? एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, आहे का? वेग?

वैतागलेला_वारजेकर: साधीच आहे हो. प्रश्न स्टिअरिंगचा आहे.

मावळा_४बाय४: एसयूव्ही घ्या. खड्डा चुकवायलाच नको.

घाटपांडू: उंच गाडी झटक्यात वळवली की उलटू शकते, ते पण सांगा.

नदीकाठ: स्टिअरिंगवर हात घड्याळातल्या नऊ-तीनवर. नजर खड्ड्यावर नको, मोकळ्या जागेवर. बघाल तिकडे गाडी जाते.

पेन्शनर_पेठ: आम्हाला दहा-दोन शिकवलंय.

नदीकाठ: तेव्हा स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नव्हती, काका. ती उघडली की वर धरलेले हात तोंडावर येतात.

हौशी: डॅशकॅम कुठला घ्यावा?

वैतागलेला_वारजेकर: २०१४ची हॅचबॅक, एबीएस नाही, वेग ८०. झालं समाधान?

गॅरेजकाका: हे आधी लिहायचं! चाकं लॉक होतायत, म्हणजे फिरायचीच थांबतायत. लॉक झालेलं चाक कितीही वळवा, गाडी घसरत सरळच जाणार. ब्रेक सुटला की तेच वळलेलं चाक एकदम पकड घेतं, म्हणून झोकांडी. आधी सरळ रेषेत ब्रेक, मग पाय सैल करून थोडंसंच वळवा, लगेच सरळ करा. एबीएसवाल्यांनी मात्र पाय दाबूनच ठेवायचा, पेडल थरथरलं तरी. बाजूला ट्रक असेल तर खड्डा चुकवूच नका. वेग कमी करा आणि खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडा, सस्पेन्शन वाचतं. आणि ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. उतारावर गिअर कितवा?

वैतागलेला_वारजेकर: न्यूट्रल. पेट्रोल वाचतं.

गॅरेजकाका: काही वाचत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल सोडणारा इंजेक्टर बंद होतो. न्यूट्रलमध्येच इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर, ते तापले की धरत नाहीत. तिसऱ्यात या. टायरच्या खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल तर १.६ मिमीच उरलंय, बदला.

पेन्शनर_पेठ: आम्ही अख्खा खंबाटकी घाट न्यूट्रलमध्ये उतरायचो.

घाटपांडू: नीट उतरले तेच इथे लिहितायत.

वैतागलेला_वारजेकर: वारज्यात आत्ता टायरवाला उघडा असेल का?