मदत हवी आहे: हाकोनेचं ऱ्योकान ठेवू की रद्द करू?

मृण्मयी_ठा
नोव्हेंबरमध्ये जपानला जातोय. एक रात्र टोकियोजवळच्या हाकोनेत ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत राहायचं, गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं म्हणून हौसेनं बुकिंग केलं. आता त्यांची ईमेल आली आहे: शाकाहारी जेवण देता येणार नाही आणि अंगावर टॅटू असेल तर कुंडात प्रवेश नाही. फुकट रद्द करायची मुदत शुक्रवारी संपते. काय करू? जे तिथे राहून आलेत त्यांनीच सांगा, प्लीज लवकर.

फिरस्ता_जय
किती जण आहात? वय काय? शाकाहारी म्हणजे अंडं चालतं का? टॅटू कोणाला आणि केवढा? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगायचं?

कोथरूडकाका
जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा जपानी रेल्वेचा पास, मुळीच घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. सुटी तिकिटं काढा.

शिंजुकुकर
टोकियोत राहतो, म्हणून सांगतो. ऱ्योकानच्या रात्रीच्या जेवणातला मासा बाजूला काढला तरी दाशी उरतंच. कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचा कीस, आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ यांचं ते पाणी. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, अंड्याचं वाफवलेलं चवानमुशी, सगळ्याचा पाया तोच. त्यामुळे "जमणार नाही" असं आधीच कळवणारं ऱ्योकान मला प्रामाणिक वाटतं. "हो, करू" म्हणणारे बरेचदा फक्त तुकडे काढतात, पाणी तेच राहतं.

मृण्मयी_ठा
काका, पास नकोय. आम्ही पाच जण: मी, नवरा, आई, बाबा, सासूबाई. अंडं चालतं. मासा नाही आणि माशाचं पाणीही नाही. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात.

रानवाट
मग हाकोने सोडा आणि कोयासानला जा! कूकाईने ८१६ साली वसवलेलं डोंगरावरचं मठांचं गाव. पन्नासएक मठांत राहता येतं. जेवण शोजिन र्‍योरी: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचं गोमा-दोफू खाल्लं की सासूबाई खूश होतील. पहाटेची प्रार्थना आणि ओकुनोइन या तिथल्या जुन्या दफनभूमीतले उंच देवदार तर चुकवूच नका. आम्ही गेलो होतो, आजही घरात त्याच जेवणाचा विषय निघतो.

शिंजुकुकर
रानवाट, जेवणाचं अगदी मान्य. पण त्यांना गरम पाण्याचे झरे हवेत. कोयासानच्या बहुतेक मठांत साधं तापवलेलं पाणी असतं. शिवाय ओसाकाहून नानकाई रेल्वे आणि मग केबल कार. नोव्हेंबरात वर चांगलीच थंडी, आणि जमिनीवरची गादी. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिकडे का पाठवता?

रानवाट
गादी ऱ्योकानमध्येही जमिनीवरच असते.

शिंजुकुकर
सगळीकडे नाही. ततामी (गवती चटया) आणि पलंग दोन्ही असलेल्या खोल्याही मिळतात. मृण्मयीताई, बुकिंग बदलताना बाबांसाठी तीच मागा. जेवायला खुर्ची-टेबलही मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी देतात.

सह्यपुत्र
एवढा खर्च करून जपानलाच का? वज्रेश्वरी-गणेशपुरीला जा, कोकणात उन्हवरे आहे, तुरळ आहे. आपल्याकडची कुंडं काय कमी आहेत?

वैदेही_स
सह्यपुत्र, तुरळला मीही जाते आणि मला ते ठिकाण फार आवडतं. पण त्यांची तिकिटं काढून झाली आहेत. त्यांच्या प्रश्नावर बोलूया.

अण्णा_मिरज
टॅटूबद्दल बोलतो. आजच्या तरुणांनी अंगावर काढून घेण्याआधी विचार करायला हवा. मिस्टरांना म्हणावं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाण्यात उतरा.

फिरस्ता_जय
अण्णा, तिथे काहीही घालून उतरत नाहीत. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. बायका-पुरुष वेगवेगळे. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंड. हातातला छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही.

मृण्मयी_ठा
टॅटू नवऱ्याला नाही. सासूबाईंच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर लहानपणचं गोंदण आहे. त्यांना दारात कोणी अडवलं तर मला सहन होणार नाही. म्हणून विचारतेय.

वैदेही_स
मृण्मयी, हे आधी लिहायला हवं होतंस गं. बंदी मुळात याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांच्या अंगभर गोंदणामुळे आली, पण तिचा फटका भलत्यांना बसतो. २०१३ साली उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडच्या एका माओरी विदुषीला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे कुंडात प्रवेश नाकारला होता. त्याच होक्काइदोतल्या ऐनू या मूळनिवासी समाजातल्या बायका ओठांभोवती गोंदवून घ्यायच्या. १८७१ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्यामुळे ऱ्योकानला नुसतं "टॅटू" लिहू नकोस. सत्तरीच्या बाई आहेत, लहानपणी रीत म्हणून केलेलं गोंदण आहे, असं सविस्तर लिही आणि फोटो जोड. हातावरचं लहान असेल तर चिकटपट्टीने झाकू देतात; होशिनो रिसॉर्ट्सने २०१५ मध्ये काही ठिकाणी ८×१० सेंमीची पट्टी देऊन तशी सोय सुरू केली होती. कपाळाचं मात्र विचारूनच घे.

फिरस्ता_जय
पट्टी कशाला? काशिकिरी घ्या, म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारं कुंड. तिथे सहसा गोंदणाचा प्रश्न येत नाही. नाहीतर किनोसाकीला जा, तिथल्या गावच्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो.

शिंजुकुकर
किनोसाकीत नोव्हेंबर म्हणजे खेकड्यांचा हंगाम! जेवणाची अडचण दुप्पट होईल. हाकोनेच बरं, टोकियोतल्या शिंजुकुहून रोमान्सकार या जलद रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता. काशिकिरीबद्दल जयशी सहमत.

डॉ_मीरा_ना
कुंडाचं पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असतं. कोणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे का? जेवल्या जेवल्या उतरू नका, पहिल्यांदा थोडाच वेळ बसा, उठताना सावकाश उठा, नंतर पाणी प्या. आणि सासूबाईंची चांदीची जोडवी खोलीतच काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते.

मृण्मयी_ठा
बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यांच्या डॉक्टरांना विचारते. जोडव्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं, आभार! पण जेवणाचं काय?

शिंजुकुकर
ऱ्योकानचं भाडं दर माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण व नाश्ता धरलेला असतो. त्याऐवजी 'सुदोमारी' मागा, म्हणजे फक्त मुक्काम, जेवण नाही. बरंच स्वस्त पडतं. मात्र हाकोनेतली दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून खाणं टोकियोहूनच घ्या. खोलीत बाहेरचं खाल्लेलं चालेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

रानवाट
आणि कोयासान एका रात्रीसाठी जोडाच. तिथेही आधी कळवलं तर काही मठ पलंगाची खोली देतात.

मृण्मयी_ठा
ऱ्योकानचं उत्तर आलं. सुदोमारी करून दिलं, पलंग असलेली खोलीही मिळाली. फोटो पाहून त्यांनी लिहिलंय की खासगी कुंड रात्री नऊ वाजता राखून ठेवतो, आजींनी निवांत यावं. खोलीत खायला परवानगी आहे. बुकिंग ठेवतेय. आता शिंजुकुकर, टोकियो स्टेशनजवळ कांदा-लसूण नसलेलं, पाच जणांचं जेवण बांधून कुठे मिळेल?

शिंजुकुकर
स्टेशनजवळ शोधू नका. टोकियोतल्याच निशिकासाई भागात आपली खूप माणसं राहतात, तिथल्या भारतीय हॉटेलांत आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. तारीख कळवा, मी फोन करून विचारतो.