अनुभव धागा : डेबिट कार्डाचे पॉइंट आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट, हातात नेमकं काय पडलं?

गेल्या महिन्यात जुना फ्रिज बंद पडला आणि ४०,००० रुपयांचा नवा घेतला. पैसे डेबिट कार्डाने दिले. रात्री सहज बँकेच्या ॲपमध्ये पॉइंटांचं पान उघडलं. फ्रिजचे पॉइंट ४००. माझ्या कार्डाला १०० रुपयांना एक पॉइंट, आणि एका पॉइंटचे २५ पैसे. म्हणजे चाळीस हजारांवर शंभर रुपये. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : मुदत संपलेले पॉइंट, ६,८४०. सहा वर्षं किराणा, औषधं, मुलांच्या फिया याच कार्डावरून गेल्या आणि १,७१० रुपये मी कधी पाहिलेसुद्धा नाहीत. तीन वर्षांत वापरले नाहीत तर ते जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

भाऊ म्हणतो, हाच फ्रिज क्रेडिट कार्डावर घेतला असतास तर निदान चारशे रुपये सुटले असते. वडील म्हणतात, उधारीच्या वाटेला जाऊ नकोस. दोघंही पोटतिडकीने सांगतात, म्हणून इथे विचारते. तुमचा अनुभव लिहा, पण आकड्यांसकट. किती खर्चलं, किती मिळालं, काय गमावलं. बँकेचं नाव नको, हकीकत हवी.

(नाशिक, घरचा हिशेब बघणारी)

*

रंग आणि हार्डवेअरचं दुकान, सांगली

ताई, काउंटरच्या या बाजूनं सांगतो. तुम्ही कार्ड घासलं की बँक माझ्याकडून कमिशन कापून घेते, त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डावर हे किती कापायचं त्याला रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०१८ पासून टोपण घातलंय. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर ०.४० टक्के आणि एका बिलामागं जास्तीत जास्त २०० रुपये, वर असेल तर ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. रुपे डेबिट कार्डावर आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून काहीच कापत नाहीत. क्रेडिट कार्डाला असलं टोपण नाही. माझ्याकडं दोन टक्क्यांच्या आसपास जातात.

आता १०,००० चं बिल धरा. तुम्ही डेबिट दिलं तर माझे ९० रुपये गेले. तेवढ्यातच मशीनवाला, तुमची बँक, कार्ड कंपनी सगळ्यांचं भागायचं. तुमच्या वाट्याला पंचवीस रुपये आले तर नवल नाही. क्रेडिट दिलं तर माझे दोनशे गेले, त्यातनं तुम्हाला शंभर द्यायला बँकेला परवडतं. पॉइंट कुठनं येतात हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, मला रोज संध्याकाळी गल्ला मोजताना कळतं. रंगात आमचा नफा किती असतो ते धंद्यातल्याला विचारा.

एक मात्र सांगतो. डेबिट कार्डावर दुकानदारानं 'दोन टक्के वर द्या' म्हटलं तर देऊ नका. ते कमिशन गिऱ्हाइकावर टाकायला मनाई आहे. आमच्याच पेठेत काहीजण मागतात, मला ते पटत नाही.

*

आयटीतली नोकरी, ठाणे

मी क्रेडिट कार्डाच्या बाजूचा. पाच वर्षं सगळा खर्च त्यावरच. बिल पूर्ण भरलं तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात, वर एक टक्का परत. वर्षाला सहा-सात हजार सुटायचे. दरवर्षी दिवाळीत आईला त्यातून साडी घेतो.

पण मागच्या वर्षी नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं, आणि नव्या खात्यावर ऑटो-डेबिट लावताना 'टोटल ड्यू'च्या (पूर्ण बिलाच्या) जागी 'मिनिमम ड्यू' (किमान रक्कम) निवडलं गेलं. बिल होतं ६२,०००. खात्यातून गेले ३,१००. 'पेमेंट मिळालं, धन्यवाद' असा मेसेज आला, म्हणून मीही निर्धास्त. पुढचं स्टेटमेंट उघडलं तर व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून अडीच हजारांच्या वर. महिन्याला साडेतीन टक्के व्याज. तेही बिलाच्या तारखेपासून नाही, प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून. शिवाय मागचं शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही, म्हणजे त्या महिन्यातल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा व्याज चढत होतं. त्या ६२,००० वर मला मिळालेले पॉइंट होते ६२० रुपयांचे. चार महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली.

कार्ड अजून वापरतो. ऑटो-डेबिट आहेच, पण दर महिन्याच्या दोन तारखेला ॲप उघडून तो शब्द स्वतः वाचतो.

*

माध्यमिक शिक्षिका, कोल्हापूर

पॉइंटांच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट मोजा : पैसे चोरीला गेले तर कुणाचे जातात.

माझ्या डेबिट कार्डावरून रात्री पावणेदोनला दोन व्यवहार झाले, मिळून ३८,०००. कार्ड माझ्या पर्समध्ये, ओटीपी कुणाला दिलेला नाही. पहाटे पाचला पाणी तापत ठेवताना मोबाईल पाहिला आणि हातपाय गार पडले. लगेच हेल्पलाइनला फोन केला, कार्ड बंद केलं, तक्रारीचा नंबर वहीत लिहून घेतला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपली चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भार येत नाही, आणि बँकेने दहा कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. शाखेत मला आधी 'चौकशी होईल, मग बघू' असं सांगण्यात आलं. परिपत्रकाची प्रत समोर ठेवली तेव्हा कागद हलला. नवव्या दिवशी पैसे जमा झाले.

पण त्या नऊ दिवसांत घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला. त्याचा दंड मी भरला, आणि मुलीच्या क्लासच्या फीसाठी बहिणीकडे हात पसरावा लागला. ह्यांच्या क्रेडिट कार्डावर दोन वर्षांपूर्वी असाच प्रकार झाला होता. तेव्हा वादातली रक्कम बँकेने बाजूला काढली, आमच्या खात्यातला एक रुपया हलला नाही, उसन्यासाठी कुणाला फोन करावा लागला नाही. नियम दोन्ही कार्डांना तोच. फरक एवढाच की एकात आपले पैसे अडकतात आणि दुसऱ्यात बँकेचे. तेव्हापासून ऑनलाइन खरेदीला मी डेबिट कार्ड वापरत नाही. मग पॉइंट शून्य मिळाले तरी चालतील.

*

शेवटच्या वर्षाला, छत्रपती संभाजीनगर

माझं डेबिट कार्ड फक्त पाकिटात असतं, सगळं यूपीआयने. त्यावर पॉइंट नाहीत. सांगलीच्या काकांचं वाचून आत्ता कळलं का नाहीत ते. रूममेटकडे रुपे क्रेडिट कार्ड आहे, ते त्याने यूपीआयला जोडलंय. चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करतो आणि पॉइंट घेतो. पण मेसच्या मावशींचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या खात्याचा आहे, तिथे चालत नाही. फक्त दुकानाच्या क्यूआरवर चालतं, माणसाला पैसे पाठवायला नाही.

*

गृहिणी, रत्नागिरी

माझ्या नावावर पगार नाही म्हणून क्रेडिट कार्डाला नकार आला होता. मग ५०,००० च्या ठेवीवर कार्ड घेतलं. ठेवीचं व्याज चालूच राहतं आणि कार्डाची मर्यादाही ठेवीएवढीच, त्यामुळे पाय पसरायला जागाच नाही. दीड वर्षात पॉइंट हजारभर रुपयांचे झाले असतील. पण माझ्या नावाने सिबिलचा आकडा (कर्ज देताना बँका बघतात तो) तयार झाला, तो मला जास्त मोलाचा वाटतो. डेबिट कार्ड वीस वर्षं वापरलं तरी तिथे त्याची नोंद होत नाही.

*

औषध कंपनीत, नागपूर

मी कार्ड कात्रीने कापलं. दहा हजारांच्या खरेदीवर पाचशे परत म्हणून सात हजारांची खरेदी दहापर्यंत नेली, असं वर्षात किती वेळा झालं ते स्टेटमेंटवर पेनाने खुणा करून मोजलं. अकरा वेळा. बंद करायला सांगितलं तर रोज नवी ऑफर घेऊन फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात आहे की थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. हे वाक्य ईमेलमध्ये लिहिलं, दुसऱ्या दिवशी कार्ड बंद. आधी पॉइंट काढून घ्या, मी विसरलो होतो.

*

न्यू जर्सी, मूळ चिंचवड

इथली गोष्ट सांगते, कारण इथे हे सगळं आधी होऊन गेलंय. पूर्वी इथल्या मोठ्या बँकाही डेबिट कार्डावर पॉइंट द्यायच्या. २०१० च्या डॉड-फ्रँक या बँकांवरच्या कायद्यात सिनेटर डर्बिन यांची दुरुस्ती आली. १ ऑक्टोबर २०११ पासून १० अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या बँकांना एका डेबिट व्यवहारामागे दुकानदाराच्या बाजूकडून २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के, साधारण एवढंच घेता येऊ लागलं. त्या सुमाराला मोठ्या बँकांनी डेबिटवरच्या योजना गुंडाळल्या. क्रेडिटला तसा लगाम नव्हता, म्हणून तिथे विमानाच्या तिकिटांपर्यंत बक्षिसं चालू राहिली. सांगलीच्या दादांनी सांगितलेलंच गणित, फक्त डॉलरमध्ये.

नवीन येणाऱ्या मुलामुलींना एक कळकळीचं सांगणं. भाड्याची गाडी घेताना किंवा हॉटेलात डेबिट कार्ड देऊ नका. ते खर्चापेक्षा जास्त रक्कम काही दिवस अडकवून ठेवतात, आणि ती आपल्याच खात्यातली असते. मी पहिल्याच महिन्यात हे भोगलं. खात्यात ४०० डॉलर होते, त्यातले २५० हॉटेलने अडकवले आणि आठवडाभर ब्रेड-अंड्यांवर काढला. पगार सुरू होईपर्यंत अनामत भरून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, बिल पूर्ण भरा.

*

शेतकरी कुटुंब, औसा तालुका, लातूर

पॉइंटांचं मला काही माहीत नाही. डेबिट कार्डानं आमच्या घराला काय दिलं ते लिहितो.

चुलते जनधन खात्यावाले. खातं २०१९ चं, कार्ड रुपेचं. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात रेशनकार्ड, आधार आणि हे कार्ड, असं गुंडाळून खिशात असायचं. मागच्या पावसाळ्यात मोटारसायकलवरनं येताना टेम्पोनं उडवलं, जागेवर गेले. दहाव्याच्या दिवशी गावातला बँक मित्र (बँकेचं काम गावात बघणारा) भेटायला आला. त्यानं विचारलं, अण्णांनी कार्ड शेवटचं कधी वापरलं होतं? आम्हाला राग आला, ही काय वेळ आहे का. मग त्यानं समजावलं. या कार्डावर अपघाती विमा असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या जनधन खात्याला २ लाख, आधीच्याला १ लाख. हप्ता आपण भरायचा नसतो. पण अट अशी की अपघाताच्या आधी ९० दिवसांत कार्डाचा एकतरी व्यवहार झालेला पाहिजे.

काकूनं ती पिशवी उलटी केली. आधारच्या घडीत एटीएमची पावती निघाली, शाई उडालेली. तारीख काही दिसत नव्हती. पासबुक भरून आणलं, त्यात सापडलं : अपघाताच्या तेवीस दिवस आधी ५०० रुपये काढलेले. सोयाबीनवरची फवारणी आणायला काढले होते, मला आठवतं, मीच औशाला गाडीवर घेऊन गेलो होतो. त्यांना यंत्र वापरता येत नव्हतं. आकडे मी दाबले, ते बाजूला उभे राहून बघत होते.

फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. शाखेत सहा चकरा झाल्या. दर वेळी एखादा कागद कमी निघायचा. पण २ लाख आले. काकूनं त्यातले दीड लाख धाकटीच्या नावानं ठेवले.

*

नाशिकची, पुन्हा

दादा, हे वाचून हात थांबला. काकूंना माझा नमस्कार सांगा.

वडिलांचं कार्डही रुपेचंच आहे, कपाटात पडून आहे. ते पैसे काढायला शाखेतच जातात, स्लिप भरून. आमचं खातं जनधनचं नाही. त्यावर विमा असेल का, आणि कार्ड कधी वापरायचं ठरवावं?

*

औसा तालुका

ताई, प्रत्येक कार्डाची अट वेगळी, रक्कम वेगळी, दिवसही वेगळे. शाखेत कार्ड दाखवून विचारा आणि किती दिवसांची अट आहे ते लिहूनच घ्या. मी आता घरातल्या चौघांची कार्डं घेऊन पौर्णिमेच्या आठवड्यात एटीएमला जातो, प्रत्येकातनं शंभर-शंभर काढतो आणि पासबुकात नोंद करून आणतो. पावतीची शाई उडते, पासबुकातली नाही. वडिलांना बरोबर न्या, पिन त्यांनाच दाबू द्या.