उन्हातून आणलेल्या पेशंटचा ट्रोपोनिन वाढलेला: हेपरिन द्यायचं का?

प्रश्न (कॅज्युअल्टी, नागपूर)
मे महिना, पारा ४५ च्या आसपास. ५८ वर्षांचा बांधकाम मजूर, दोन तासांपासून छातीत जडपणा. किडनीचा जुना त्रास, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) ३.२. ईसीजीत एसटी (अटॅकमध्ये सरकणारा आलेखाचा भाग) बदल नाही. हाय सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन टी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ४६, तासाभराने ४९. सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ३८००, सीपीके-एमबी (त्याचा मुख्यतः हृदयात असणारा प्रकार) ९०. याला हार्ट अटॅक धरायचं का, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचं का?

उत्तर १
नुसत्या ४६ वरून नाही. ट्रोपोनिन टी ची वरची मर्यादा १४ नॅनोग्राम प्रति लिटर, पण किडनीच्या पेशंटचा आकडा एरवीही त्याच्या वर असतो. बघायचं ते चढउतार. तासाभरात ५ किंवा जास्त वाढ, किंवा पहिलाच आकडा ५२ च्या वर, तर अटॅकची शक्यता दाट. १२ च्या खाली आणि फरक ३ पेक्षा कमी, तर सहसा अटॅक नाही. तुमचा पेशंट मधल्या गटात आहे: तिसऱ्या तासाला पुन्हा ट्रोपोनिन आणि इको (हृदयाची सोनोग्राफी).

एमबी इथे दिशाभूल करतं. ते सीपीकेच्या अडीच टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे उन्हाने झिजलेल्या स्नायूंचं असण्याची शक्यता जास्त. हेपरिनची घाई तर मुळीच नको. गुदद्वारातलं तापमान घ्या, प्लेटलेट्स आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) पाठवा. हीट स्ट्रोकमध्ये डीआयसी (अंगभर बारीक गुठळ्या होऊन रक्त गोठवणारे घटकच संपणं) होतो, त्यात हेपरिन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. ताप ४० च्या वर असेल तर आधी अंग थंड करा.

उत्तर २ (पॅथॉलॉजी)
आधी युनिट बघा. काही लॅब हाच आकडा ०.०४६ नॅनोग्राम प्रति मिली असा छापतात आणि घाईत तो नॉर्मल वाटतो. हजारने गुणा. तिन्ही सॅम्पल एकाच मशीनवर लावा. टी आणि आय या ट्रोपोनिनच्या दोन प्रकारांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत, आय ची मर्यादा तर कंपनीगणिक बदलते.

सॅम्पल लाल झालं असेल तर परत घ्या, हिमोलिसिसने (लाल पेशी फुटल्याने) टी खोटा कमी येतो. रक्त नीट गोठण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर सीरममध्ये उरलेल्या फायब्रिनमुळे (गुठळीच्या धाग्यांमुळे) खोटा वाढलेला आकडा येऊ शकतो. शंका आली की पुन्हा सेंट्रिफ्यूज करून लावा. कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट ट्रोपोनिन चाचणी) निगेटिव्ह म्हणून कुणाला घरी पाठवू नका, सौम्य वाढ त्यात दिसतच नाही.

प्रश्नकर्ता
तिसऱ्या तासाचा ५१. इकोत हृदयाच्या भिंतींची हालचाल ठीक.

उत्तर १
४६ वरून ५१ म्हणजे जेमतेम ११ टक्के. मूळचाच वाढलेला असताना तीव्र इजा म्हणायला साधारण २० टक्के बदल लागतो. पण दुखणं सुरू होऊन दोनच तासांत पहिलं सॅम्पल गेलंय, म्हणून सहाव्या तासाला एक ट्रोपोनिन घ्याच. जडपणा राहिला तर व्ही ७ ते व्ही ९ (पाठीवर लावायचे जादा लीड) लावून ईसीजी काढा. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये निसटतो. आणि त्यात एसटी वर गेलेलं दिसलं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट कॅथलॅबला (अँजिओप्लास्टी करतात तिथे) फोन.