मूळ साइटची लिंक पुरत नाही

मुक्त प्रोग्रामचं पॅकेज वाटताना त्याचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड, सोबत द्यायचा का, या चर्चेत "सोर्स मूळ प्रकल्पाच्या साइटवर आहेच, मग पॅकेजसोबत आपण परत कशाला द्यायचा" असं दोघांनी म्हटलंय, ते मला पटत नाही. १९९१ च्या जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार पेन ड्राइव्हवरून बायनरी (संगणकावर थेट चालणारा तयार प्रोग्राम) वाटणाऱ्यानं सोबत पूर्ण सोर्स द्यायचा, नाहीतर तो मागेल त्याला देऊ अशी किमान ३ वर्षांची लेखी हमी. आणि पूर्ण सोर्स म्हणजे बिल्ड (सोर्सपासून बायनरी बनवणं) नि इन्स्टॉलच्या स्क्रिप्टसुद्धा, हे बरेच जण विसरतात.

दारव्ह्याकडं आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी मी एका टायपिंगच्या प्रोग्राममध्ये जोडाक्षरांची दुरुस्ती करून डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज बनवलं. इकडं नेट धड चालत नाही, म्हणून पेन ड्राइव्हवरूनच ते आजूबाजूच्या चार गावांत गेलं. वर्षभरानं एका सरांनी सोर्स मागितला, तर माझी हार्ड डिस्क कधीचीच गेलेली. मूळ साइटवर प्रोग्राम होता, माझा पॅच, म्हणजे मी केलेली दुरुस्ती, कुठंच नव्हता. सरांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं, हक्काचंच मागत होते ते. आता डेब फाइलच्या (तयार पॅकेजच्या) शेजारीच डीएससी (सोर्सची माहिती देणारी छोटी फाइल), मूळ टारबॉल (मूळ सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणि माझे बदल नि बिल्डच्या स्क्रिप्ट असलेला डेबियनचा टारबॉल टाकतो. तिन्ही मिळून चार एमबीसुद्धा होत नाहीत.