मामांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी आणि शिकायची गिटार : सल्ला हवा आहे

अनगोळ_सूर

नमस्कार मंडळी. आमच्या मामांचा बेळगावच्या शहापुरात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, गणपती असो, यात्रा असो, रेकॉर्डी त्यांच्याच वाजायच्या. मामींनी त्या सगळ्या आता माझ्या हवाली केल्यात. दोन ट्रंका भरून आहेत. एलपी आहेत, छोट्या ईपी आहेत आणि तळाला लाखेच्या जड ७८ च्या. मराठी भावगीतं, लावण्या, हिंदी सिनेमाची गाणी, पी. कालिंगराव यांची कन्नड भावगीतं. शिवाय नुसत्या गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या चालींच्या काही एलपी. त्यांच्यावर सुनील गांगुली यांचं नाव आहे.

सोबत मामांचा चार वेगांचा जुना प्लेअर मिळालाय. खटका १६, ३३, ४५, ७८ असा फिरतो, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. एलपी ३३ वर, ईपी ४५ वर वाजते. चालू केला की तबकडी फिरते, पण मधूनच अडखळते, आणि आवाजात ठराविक अंतरानं धप धप येतं.

मला या रेकॉर्डी नीट ऐकायच्या आहेत आणि त्यांच्या सोबत बसून गिटार शिकायची आहे. भजनी मंडळात पेटीची साथ करतो, त्यामुळं सूर कळतो. गिटार अजून हातात धरलेली नाही. प्लेअर नवा घेऊ की हाच दुरुस्त करू? गिटार कोणती घेऊ? दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या आत बसवायचं आहे.

कॅम्पातला_रहिवासी

एकच सांगतो, सुटकेससारखे दिसणारे स्वस्त नवे प्लेअर घेऊ नका. दिसायला झकास असतात, पण सुई रेकॉर्डवर जड बसते. बाकीचं जाणकार सांगतीलच.

खडेबाजार_३३

अनगोळकर, सुरुवात सुईपासून करा. एलपी-ईपीची खाच बारीक, ७८ ची रुंद. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल त्रिज्येचं, ७८ साठी ३ मिल लागतं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीच कायमची जाते. मामांच्या प्लेअरच्या डोक्याला एक छोटी दांडी असेल बघा. ती फिरवली की खालची सुई वर आणि वरची खाली येते. एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ ची. ती दांडी कुठल्या बाजूला आहे हे पाहिल्याशिवाय सुई टेकवू नका.

धप धप येतंय ते रबरी चाकामुळं. मोटर आणि तबकडीच्या मधे एक रबरी चाक असतं, तेच तबकडी फिरवतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला चपटा डाग पडतो, आणि दर फेऱ्याला तो डाग आला की धक्का बसतो. चाक काढा, कडेवरून अगदी बारीक पॉलिशपेपर हलक्या हातानं फिरवा, मग स्पिरिटनं पुसा. रबर कडक दगड झालं असेल तर मात्र नवं रबर चढवून घ्यावं लागेल. मोटरच्या दांड्याला तेल घालताना एक थेंबसुद्धा चाकावर जाऊ देऊ नका.

म्हणजे हा प्लेअर टाकायचा नाही. पण चांगल्या एलपी याच्यावर वाजवायच्याही नाहीत. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डोक्याचा, दाब पाच-सहा ग्रॅमच्या घरात असतो, हल्लीच्या मॅग्नेटिकचा दोन-तीन ग्रॅम. चांगल्या एलपींसाठी पट्ट्यावर चालणारा साधा नवा प्लेअर घ्या, सुई बदलता येणारा आणि फोनो प्रीअँप आत असलेला. प्रीअँप लागतोच. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र आवाज उचललेला असतो, वाजवताना ते उलटं करावं लागतं. ते न करता तार थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये घातली की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि लोक दोष रेकॉर्डला देतात.

धुण्याचं लक्षात ठेवा. एलपी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब घालून मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल कोरडं ठेवा, सावलीत वाळवा. ७८ ला स्पिरिट अजिबात लावू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

चोर्ला_घाट

गिटारचं मी सांगतो. मी बेळगावचा, नोकरीला गोव्यात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुमच्या सुनील गांगुलींच्या एलपीवर जी गिटार आहे, ती दुकानात भिंतीवर टांगलेली गिटार नव्हे. ती हवाईयन. मांडीवर आडवी ठेवतात, तारा उंच असतात, डाव्या हातात लोखंडी दांडा धरून तो तारांवरून सरकवतात. म्हणून त्यात गळ्यासारखी मींड येते. आपण जिला नुसती गिटार म्हणतो ती स्पॅनिश. तिला पडदे असतात, बोटं दाबून वाजवायची. स्पॅनिश घेऊन त्या एलपीसारखा सूर काढायला बसलात तर कितीही रियाज केला तरी तो आवाज येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल आपलाच हात कच्चा आहे. मामांच्या ट्रंकेतल्या हिंदी गाण्यांमागं मात्र स्पॅनिश भरपूर सापडेल. आर. डी. बर्मन यांच्याकडं गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग तर स्वतः गायकही होते. कान तिकडं लावा.

तुम्ही पेटीची साथ करता, म्हणून माझं मत स्पॅनिशच्या बाजूनं. गाण्याला साथ तिच्यावर होते. शिकवणारेही आपल्याकडं तिचेच जास्त. स्टीलच्या तारांची घ्या, पण तारा सर्वात हलक्या, १० किंवा ११ नंबरच्या लावून मागा. दुकानात बाराव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांच्यातलं अंतर बघा. दोन-अडीच मिलिमीटरच्या वर असेल तर बोटं सोलतील आणि तुम्ही महिन्यात सोडून द्याल. गिटार महाग की स्वस्त यापेक्षा हे अंतर महत्त्वाचं.

आता पेटीवाल्यासाठी खास. पट्टीची काळजी करू नका. गिटारच्या मानेला लावायचा चिमटा, म्हणजे कॅपो, घ्या. काळी एक हवी तर सी चा कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) धरा आणि कॅपो पहिल्या पडद्यावर. काळी दोन हवी तर डी धरा, कॅपो पहिल्यावरच. बाईंचं गाणं काळी चारमध्ये असेल तर जी धरा, कॅपो पुन्हा पहिल्यावर. सी, डी, जी, ए मायनर, ई मायनर एवढे आधी पक्के करा. एफ उशिरा आला तरी चालतो. उजव्या हाताला दादरा आणि केरवा तुमच्या रक्तातच आहेत, तबल्याचे बोल तोंडानं म्हणत तारा छेडा.

अनगोळ_सूर

दोघांचे मनापासून आभार. दांडी सापडली, ७८ च्या बाजूला होती! चाकाला पॉलिशपेपर फिरवला, धप धप बरीच कमी झाली. आता नवी अडचण. भाच्याची गिटार आणून मोबाईलवर सुरात लावली आणि रेकॉर्डसोबत धरली, तर कुठलाच सूर जुळेना. पेटीशीही रेकॉर्ड जुळत नाही. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी पडते.

खडेबाजार_३३

वेगाचा फरक आहे. वेग सुमारे सहा टक्के वाढला की सूर पुरी एक पट्टी चढतो. तीन टक्क्यांत अर्धी पट्टी, म्हणजे नेमकं तुमचं मधलं ठिकाण. १८० रेघांची स्ट्रोब तबकडी छापून घ्या आणि फिरत्या प्लेअरवर ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा ट्यूबलाइटखाली ३३ चा वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. काही एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही. रेघा पुढं सरकल्या तर वेग जास्त, मागं सरकल्या तर कमी. जुन्या प्लेअरवर वेग बारीक जुळवता आला नाही तर सरळ गिटारच रेकॉर्डच्या सुरात लावा. तार थोडी उतरवली-चढवली तरी बिघडत नाही.

निपाणीची_भावगीतं

आणि तो १६ चा आकडा वाया घालवू नका वो! ३३ ची एलपी १६ वर लावली की वेग बरोबर निम्मा होतो आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. म्हणजे पट्टी तीच राहते, कॉर्ड तेच राहतात, फक्त सगळं सावकाश. गिटारचा एखादा तुकडा डोक्यावरून जात असेल तर तो १६ वर लावून एकेक सूर उचला. ४५ ची ईपी ३३ वर लावली तर मात्र सूर पाचेक पट्ट्या उतरतो, तिथं कॅपोचा हिशेब वेगळा.

एवढंच, की हा सराव घासलेल्या रेकॉर्डींवर करा. लाऊडस्पीकरवाल्यांच्या रेकॉर्डी दिवसभर वाजलेल्या असतात. दिव्याखाली तिरकी धरली की चांगली एलपी काळीभोर चमकते, घासलेली राखाडी दिसते. राखाडी मामांच्या प्लेअरवर, चमकणाऱ्या नव्या प्लेअरवर.

चोर्लाकरांशी एका बाबतीत माझं जमत नाही. ज्या आवाजानं जीव लागला तोच शिकावा. साध्या स्टीलच्या गिटारच्या वरच्या टोकाला तारांखाली एक उंच पट्टी बसवून तारा उचलता येतात, एक लोखंडी दांडा घेतला की हवाईयनचा सराव सुरू. पट्टी काढली की पुन्हा स्पॅनिश. पेटीवरची चाल दांड्यानं काढायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

चोर्ला_घाट

मान्य. पण पहिले काही महिने पट्टी न बसवता बोटं तयार होऊ द्या. दोन्ही एकदम धरलं तर दोन्ही अर्धवट राहतं.

अनगोळ_सूर

ठरलं मग. आधी स्पॅनिश, पट्टी दिवाळीनंतर. शिकवणी लावू की रेकॉर्डीच पुऱ्या?

चोर्ला_घाट

हात बसेपर्यंत माणूस हवा. मनगट वाकडं ठेवायची सवय रेकॉर्ड सुधारू शकत नाही. टिळकवाडीत, कॅम्पात चौकशी करा, आणि शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा की मला जुनी मराठी-हिंदी गाणी कानानं उचलायची आहेत. इंग्रजी गाण्यांच्या पुस्तकावरूनच शिकवणार असतील तर दुसरे बघा.

निपाणीची_भावगीतं

पाऊस लागायच्या आत ट्रंका जमिनीवरून उचला. आपल्याकडच्या ओलीत कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. ७८ तर खालच्या खाली तडकतात. आणि कालिंगरावांच्या रेकॉर्डींच्या लेबलावरचे नंबर इथं टाका, माझ्याकडं काय आहे ते ताडून सांगतो.