‘युयुत्सू’ म्हणजे भांडखोर का? नेमका कुठे वापरावा?

शब्दवेल
अग्रलेखांत ‘युयुत्सू पवित्रा’, ‘युयुत्सू नेतृत्व’ असे प्रयोग दिसतात. हा शब्द ‘युद्ध + उत्सुक’ असा झाला आहे का? त्याऐवजी सरळ ‘भांडखोर’ लिहिलं तर काय बिघडतं? आणि शेवटचा उकार ऱ्हस्व की दीर्घ? छापलेले दोन्ही सापडतात.

सन्नन्त
‘युद्ध + उत्सुक’ याचा ‘युद्धोत्सुक’ होतो, तो शब्द वेगळा. ‘युयुत्सू’ हा समास नाहीच. मूळ धातू युध्, म्हणजे लढणे. ‘करण्याची इच्छा’ दाखवायला संस्कृतात धातूला सन् प्रत्यय लागतो आणि त्यातला फक्त ‘स’ उरतो. तो लागला की धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं: यु-युध्-स. पुढे ‘स’ असल्यामुळे ध् चा त् होतो: युयुत्स. त्यापासून युयुत्सा म्हणजे लढण्याची इच्छा, आणि ‘उ’ लागून युयुत्सु म्हणजे ती इच्छा धरणारा (पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’ या व्याकरणग्रंथातलं सूत्र ३.२.१६८). ज्ञा-जिज्ञासू, मुच्-मुमुक्षू, पा-पिपासू हे सगळे याच घडणीचे. ‘युयुस्तू’, ‘युयुत्सुक’ या चुका ही घडण ठाऊक नसल्यानेच होतात.

गीतेचा पहिला अध्याय उघडून पाहा. पहिल्याच श्लोकात ‘समवेता युयुत्सवः’, बाविसाव्यात ‘योद्धुकामान्’, तेविसाव्यात ‘योत्स्यमानान्’. पहिल्या दोन शब्दांत लढण्याची इच्छा आहे. तिसरा भविष्यकाळी आहे, ‘लढणार असलेले’. त्यांना लढावंसं वाटतं की नाही, हे तो सांगत नाही. किती बारीक फरक आहे!

मुद्रितशोधक
इच्छा हाच या शब्दाचा गाभा, म्हणून ‘भांडखोर’ चालत नाही. भांडखोर हा स्वभाव झाला, तोही नळावरच्या नि बांधावरच्या भांडणांचा. कुरापतखोर स्वतः खोडी काढतो. कळलाव्या स्वतः लढत नाही, दुसऱ्या दोघांत लावून देतो. ‘युद्धखोर’मध्ये निंदा उघड आहे, ‘लढाऊ’मध्ये कौतुक. युयुत्सू मुळात निंदाही करत नाही नि स्तुतीही. आजच्या लिखाणात मात्र तो निंदेकडे झुकलाय.

बोलीत त्याच्या सगळ्यात जवळ आहे ‘खुमखुमी’. ‘त्याला लढायची खुमखुमी आलीय’, ‘खुमखुमी जिरवली’. खुमखुमी येते आणि जिरते, कारण तीही इच्छाच. भांडखोरपणा असा जिरत नाही. माझ्या मते बातमीत ‘युद्धाची खुमखुमी’ जास्त बोलकं. ‘युयुत्सू’ अग्रलेखाला, वैचारिक लेखाला शोभतो.

‘युयुत्सू पवित्रा’ चपखल आहे, कारण पवित्रा म्हणजे वार करण्याआधीचं उभं राहणं. पण ‘युयुत्सू हल्ला चढवला’ असं आलं तर मी खोडतो. हल्ला चढवल्यावर इच्छा कसली उरली? तिथे ‘जोरदार’ किंवा ‘त्वेषाने’ लिहावं. विमानाला इच्छा नसते, म्हणून ते लढाऊच.

ऱ्हस्व-दीर्घाचं: मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ, म्हणून कवी, गुरू, जिज्ञासू, युयुत्सू. त्याआधीच्या पुस्तकांत ‘युयुत्सु’ दिसतो तो त्या काळच्या पद्धतीने. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्वच: युयुत्सुवृत्ती. मधला ‘यु’ कधीच दीर्घ नाही, ‘युयूत्सू’ लिहू नये. विशेषण म्हणून रूप बदलत नाही: युयुत्सू नेता, युयुत्सू टोळी, युयुत्सू राष्ट्रे. विभक्ती लागली की युयुत्सूला, युयुत्सूंना.

महाभारतातलं नावही असंच लिहावं. युयुत्सू हा धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर युधिष्ठिराने ‘आमच्याकडे कोण येतो’ असं विचारलं, तेव्हा कौरवांची बाजू सोडून तो पांडवांकडे गेला आणि युद्धातून जिवंत राहिला.

शब्दवेल
मनापासून आभार. जपानी ‘जुजुत्सू’ याच शब्दावरून गेला असं वाचलं होतं, ते खरं का?

सन्नन्त
नाही, उच्चाराचं साम्य तेवढं. जपानीत ‘जू’ म्हणजे मऊ, लवचीक (जूदोतला ‘जू’ तोच) आणि ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र. त्या शब्दात लढण्याची इच्छा कुठेच नाही.